पायथन येतं, आता जावा आणि जावास्क्रिप्ट: चीटशीट पाठ करू का?

पाठ? अजिबात नको. पण फेकूनही देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की पायथन चांगलं येतं, पुढच्या महिन्यापासून हिंजवडीत जावा आणि जावास्क्रिप्टवर काम आहे आणि तिन्ही प्रोग्रॅमिंग भाषा शेजारीशेजारी मांडलेला तक्ता, म्हणजे चीटशीट, हाती लागलाय. मीही याच वाटेने गेलोय. मी तर अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढून चक्क लॅमिनेट करून घेतला होता.

लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणं) कसा लिहायचा, फंक्शन (नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा) कसं लिहायचं, यासाठी तक्ता झकास. पंधरा दिवसांत हात बसतो, मग बघावाही लागत नाही. गोची होते ती तिन्ही रकान्यांत सारख्याच दिसणाऱ्या ओळींवर.

बाकी काढायचं टक्क्याचं चिन्ह घ्या. तिन्हीकडे तेच. पण उणे ७ ला ३ ने भागून बाकी मागा: पायथन २ सांगतं, जावा आणि जावास्क्रिप्ट उणे १. पायथन भागाकार खालच्या पूर्णांकाकडे नेतं, म्हणजे उणे ३. जावा शून्याकडे नेतं, म्हणजे उणे २. ताळा दोन्हीकडे जमतो!

आम्ही पाळ्यांचं वेळापत्रक पायथनमधून जावात आणलं, तेव्हा याच चिन्हाने घात केला. सोमवार ० धरून, वारातून ३ वजा करून ७ ने बाकी, म्हणजे तीन दिवसांपूर्वीचा वार. शुक्रवारी तपासलं, चोख. सोमवारी सकाळी ॲरेचा (ओळीने ठेवलेल्या यादीचा) इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, उणे ३, प्रोग्रॅम आडवा. जावास्क्रिप्ट असतं तर गपचूप ‘अनडिफाइंड’, म्हणजे ‘इथे काही नाही’, देऊन पुढे गेलं असतं, ते जास्त वाईट. जावा ८ पासून यासाठी, म्हणजे पायथनसारखी बाकी काढायला, ‘फ्लोअरमॉड’ आहे. तो आमच्या तक्त्यात नव्हता.

अशा आणखी जागा: रिकामी लिस्ट पायथनच्या ‘इफ’मध्ये खोटी, जावास्क्रिप्टमध्ये रिकामा ॲरे खरा. १०, ९, १ हे आकडे जावास्क्रिप्टच्या साध्या ‘सॉर्ट’ला दिले की १, १०, ९ येतात, कारण तो त्यांना अक्षरं समजून लावतो. जावात दोन स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडल्या तर मजकूर नाही, वस्तू एकच आहे का ते बघितलं जातं. मजकूर ताडायला ‘इक्वल्स’. कोडमध्येच लिहिलेल्या स्ट्रिंगवर मात्र हे चिन्हही बरोबर उत्तर देतं, म्हणून टेस्टिंगमध्ये सुटतं.

तेव्हा तक्त्यात प्रत्येक भाषेपुढे ‘उत्तर’ असा रकाना वाढवा आणि स्वतः चालवून भरा. उणे संख्या, शून्य, रिकामी स्ट्रिंग, नल (‘काहीच नाही’ची खूण), एवढं प्रत्येक ओळीला द्या. पेनाने भरा. माझ्या लॅमिनेटवर पेन उठेना, दुसरी प्रिंट काढावी लागली.

आणि हो, तक्ता कुठल्या व्हर्जनचा तेही बघा. पायथन २ मध्ये ७ भागिले २ म्हणजे ३, पायथन ३ मध्ये ३.५. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, पण त्याच्या प्रिंटा अजून फिरतात. ‘प्रिंट’पुढे कंस नसेल तर समजा, तुमच्या हातात तीच आहे.