स्कूबा डायव्हिंगच्या सुट्टीत राहायचं कुठे: रिसॉर्ट, गेस्टहाऊस की बोट?

तुम्ही लिहिलंय की ओपन वॉटर सर्टिफिकेट (डायव्हिंगचं पहिलं, १८ मीटर खोलीपर्यंतचं) नुकतंच मिळालंय, बायको पोहते, स्नॉर्केलिंग करते पण डायव्ह करत नाही, हातात साधारण आठवडा आहे, मालदीव की बाली ठरत नाहीये आणि रिसॉर्ट, गेस्टहाऊस की लाइव्हअबोर्ड (जिच्यावरच राहून डायव्ह करायचे अशी बोट) हेही ठरत नाहीये. माझं पहिलं सांगणं, हॉटेल बुकिंगचं अ‍ॅप आत्ता बाजूला ठेवा. आधी डायव्ह साइट ठरवा, मग तिथे नेणारं डायव्ह सेंटर, आणि सगळ्यात शेवटी खोली. बहुतेक जण बरोब्बर उलट करतात, खोली आवडली म्हणून बुक करतात आणि मग कळतं की चांगली रीफ (प्रवाळाचा खडक) तिथून बोटीने दीड तासावर आहे, म्हणजे दोन डायव्हसाठी अख्खा दिवस जातो आणि त्यातला निम्मा वेळ ओल्या वेटसूटमध्ये वारा खात बोटीवर बसण्यात जातो.

बालीचंच बघा. तुलांबेनला लिबर्टी नावाच्या अमेरिकन मालवाहू जहाजाचा रेक, म्हणजे बुडालेला सांगाडा, आहे. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, जहाज किनाऱ्यावर आणून ठेवलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात सरकलं. आता ते किनाऱ्यापासून इतकं जवळ आहे की बोट लागतच नाही, बीचवरूनच चालत पाण्यात शिरायचं. वरचा भाग पाच-सहा मीटरवर सुरू होतो, त्यामुळे तुमच्या १८ मीटरच्या मर्यादेतही भरपूर बघायला मिळतं. दक्षिण बालीतल्या हॉटेलात राहून हे करायला गेलात तर गाडीने अडीच-तीन तास जायला, तेवढेच यायला, आणि तुम्ही पोहोचाल तेव्हाच बाकीच्या सगळ्या गाड्याही पोहोचलेल्या असतात. तुलांबेनमध्येच राहिलात तर पहाटे उजाडता उजाडता पाण्यात असता. त्या वेळी रेकवर बंपहेड पॅरटफिशचा कळप असतो, डोक्यावर टेंगूळ असलेले मोठाले मासे, आणि आजूबाजूला माणूस जवळजवळ नसतोच. तिथे वाळू नाही, काळे गोल दगड आहेत, पाठीवर टँक घेऊन चालताना ते पायाखालून सरकतात, लाट आली की जास्तच, त्यामुळे जाड तळव्याचे बूट लागतातच. टँक मात्र गावातल्या बायका डोक्यावरून आणून देतात, आणि त्या दगडांवरून त्या ज्या सहज चालतात ते बघत राहावं असं आहे.

मालदीवमध्ये गणित वेगळं, कारण तिथे बेट निवडलं की डायव्हिंग निवडल्यासारखंच आहे, मधेच बेट बदलणं सोपं नसतं. रिसॉर्टच्या फोटोंवर जाऊ नका, सॅटेलाइट मॅप उघडा. बेटाभोवती फिकट निळ्या पाण्याचा रुंद पट्टा दिसतोय का? ते लगून, फोटोत फार सुंदर, पण खाली नुसती वाळू आणि रीफची कड लांब. त्याउलट बीचपासून थोड्याच अंतरावर फिकट निळा एकदम गडद होत असेल तर रीफचा उतार तिथेच आहे, म्हणजे हाउस रीफ (बेटाला लागूनच असलेली रीफ) चांगली असण्याची शक्यता जास्त, आणि तुम्ही बोटीवर गेलात तरी बायकोला बीचवरूनच स्नॉर्केलिंग करता येईल. जाहिरातीत हाउस रीफ हा शब्द वाचून थांबू नका, मी एका रिसॉर्टवर वाळूत ठेवलेल्या लोखंडी चौकटींवर लावलेल्या प्रवाळाच्या फांद्यांना हाउस रीफ म्हटलेलं बघितलंय.

दुसरं म्हणजे मोसम, आणि नुसता पावसाचा नाही. मालदीवमध्ये मे ते नोव्हेंबरच्या सुमारास वारा नैऋत्येकडून असतो, तेव्हा प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मांटाचं खाणं) अटॉलच्या (प्रवाळ बेटांच्या कड्याच्या) पूर्वेच्या बाजूला जमतं आणि मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठाले चपटे मासे, तिकडे जातात, डिसेंबर ते एप्रिलमध्ये उलट, पश्चिमेला. ज्या बाजूला प्लँक्टन नाही तिथे पाणी जास्त स्वच्छ. म्हणजे मांटा हवेत की व्हिजिबिलिटी (पाण्यात लांबवर दिसणं) हवी यावर बेट कुठल्या बाजूचं घ्यायचं ते ठरतं. बा अटॉलमधल्या हानिफारू बेमध्ये तर स्कूबाला बंदीच आहे, फक्त स्नॉर्केलिंग, त्यामुळे तिथे बायको आणि तुम्ही अगदी बरोबरीने मांटा बघाल. दक्षिण आरी अटॉलला व्हेल शार्क वर्षभर दिसतात, तेही स्नॉर्केलिंग करताना, आणि धिगुरा बेटावर रिसॉर्टऐवजी गेस्टहाऊसमध्ये राहता येतं. मी स्वतः गेस्टहाऊसच्या बाजूचा आहे. डायव्ह सेंटर चालत दोन-पाच मिनिटांवर असतं, एक पसंत नाही पडलं तर बऱ्याचदा दुसरं असतं, रिसॉर्टवर मात्र आहे त्यातच भागवायचं.

लाइव्हअबोर्ड तुमच्यासाठी आत्ता नाही, हे स्पष्टच सांगतो. दिवसाला तीन-चार डायव्ह, करंटच्या (पाण्याच्या जोरदार प्रवाहाच्या) साइट, अनेक बोटी अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि बऱ्यापैकी लॉग केलेले (नोंदवहीत नोंदवलेले) डायव्ह मागतात, आणि डायव्ह न करणारं माणूस समुद्राच्या मधोमध दिवसभर काय करणार? काही जागांना मात्र बोटीशिवाय इलाज नाही, उदाहरणार्थ फिलिपिन्समधलं तुब्बाताहा, तिथे लाइव्हअबोर्डनेच जायचं आणि तेही साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच. तसंच मलेशियातल्या सिपादान बेटावर २००४ पासून मुक्कामच करता येत नाही, माबुल किंवा आसपास राहायचं, आणि रोजच्या परमिटची संख्या ठरलेली असल्यामुळे खोली घेताना किती दिवसांचं परमिट मिळेल हेच आधी विचारायचं. हे पुढच्या कधीतरीसाठी डोक्यात ठेवा.

आता पैसे भरण्याआधी डायव्ह सेंटरला मेल करा, हॉटेलच्या रिसेप्शनला नको. एका गाइडबरोबर किती जण असतात? नवीन माणसासाठी चारच्या वर मला पटत नाही. बोट निघायला कमीत कमी किती डायव्हर लागतात? हे कुणी विचारत नाही आणि मग मंदीच्या सीझनमध्ये दोन दिवस बोट निघतच नाही. साइटपर्यंत किती मिनिटं, दोन डायव्हच्या मधे परत किनाऱ्यावर येता का, बोटीवर ऑक्सिजन असतो का, सगळ्यात जवळचं रीकंप्रेशन चेंबर (डायव्हिंगमुळे त्रास झालेल्यांवर वाढीव दाबाखाली उपचार करतात ती खोली) कुठे आहे. सरळ उत्तरं देणारं सेंटर मिळालं की त्याच्या जवळची खोली घ्या. खोलीत काय बघायचं, तर वेटसूट वाळत घालायला जागा (सावलीत, वारा लागेल अशी) आणि टँक भरायच्या कंप्रेसरपासून अंतर. तो सकाळी लवकर सुरू होतो आणि कान किटवतो.

शेवटची रात्र वेगळी धरा. अनेक दिवस डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी कमीत कमी १८ तास जाऊ द्यायचे, मी पूर्ण एक दिवस सोडतो, आणि सीप्लेनही विमानच. बालीत अजून एक गोष्ट, तुलांबेनहून परतताना फिरायला म्हणून किंतामणीवरून गाडी नेतात, तो रस्ता सुमारे १५०० मीटर उंचीवर जातो आणि डायव्हनंतर लगेच इतकं उंच जाणंही धोक्याचं, तेव्हा ड्रायव्हरला किनाऱ्याच्या रस्त्याने न्यायला सांगा.

तुमच्या जागी मी असतो तर बालीतच, तुलांबेनजवळच्या आमेदला राहिलो असतो, तुलांबेन नाही. रेक गाडीने अर्ध्या तासाच्या आत, आमेदमध्ये सौम्य रीफही आहेत, आणि जेमेलुक बेमध्ये बीचवरून चार हात मारले की प्रवाळ सुरू होतं त्यामुळे बायकोला तुमच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावं लागत नाही. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटाला मोला मोला (सनफिश हा प्रचंड मासा) बघायचा मोह होईल, पण तिथलं पाणी बरंच थंड आणि करंट खाली ओढणारे असतात, ते थोडा अनुभव झाल्यावर. तारखा नक्की झाल्या की इथेच कमेंटमध्ये टाका, त्या महिन्यात आमेदचा समुद्र कसा असतो ते सांगतो.