स्कॅनची फाइल आणि स्प्रूसची फळी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कारखान्यात सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या फाइलवरून लाकूड कोरणारं यंत्र, हाताशी आहे, व्हायोलिन बरीच वर्षं वाजवता आहात, आणि विचारताय की जुन्या इटालियन व्हायोलिनच्या सीटी स्कॅनची फाइल मिळाली तर यंत्रावर तसंच्या तसं वाद्य कोरता येईल का. येत असेल तर पटाशी आणि रंध्यात वर्षं कशाला घालवायची. मी अठरा वर्षं पुण्यात घरच्या एका खोलीत व्हायोलिनं दुरुस्त करतो, आजवर अकरा नवी बनवली आहेत. सीएनसीही वापरतो. म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता ते आधीच झालेलं आहे. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट स्टीव्हन सर यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस कुतूहलापोटी स्वतःचं व्हायोलिन सीटी मशिनमध्ये ठेवलं. पुढे जॉन वॅडल आणि स्टीव्ह रॉसो या दोन वाद्यकारांबरोबर त्यांनी जुना नामांकित इटालियन कारागीर स्ट्रॅडिव्हारी याचं 1704चं 'बेट्स' व्हायोलिन स्कॅन केलं. ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे असतं. हजाराहून जास्त छेदचित्रांवरून संगणकात त्रिमिती आकार उभा केला, सीएनसीवर भाग कोरले, आणि 2011 साली हे काम शिकागोच्या रेडिओलॉजी परिषदेत मांडलं. पण जुळवणी आणि वार्निश त्यांनीही हातानेच केलं.

तेव्हा आकार उतरतो, याबद्दल शंका नाही. अडचण पुढे आहे.

स्कॅनमध्ये तुम्हाला दिसतं ते आजचं व्हायोलिन, 1704चं नव्हे. चार तारांचा मिळून ताण 20 किलोंच्या वर जातो, आणि ब्रिजमधून, म्हणजे तारांना उचलून धरणाऱ्या घोडीतून, वरच्या पाटीवर 8 ते 9 किलोंचा दाब सतत असतो. तीनशे वर्षं हा भार सोसून पाटीची कमान बसते, वाकडी होते. किड्यांची भोकं, चिरा, आतून लावलेली ठिगळं, एखाद्या दुरुस्तीवाल्याने पातळ केलेली जागा, सगळं फाइलमध्ये उतरतं. त्या काळच्या बहुतेक वाद्यांच्या माना नंतर बदलल्या गेल्या, आतली बेसबार, म्हणजे वरच्या पाटीला आतून चिकटवलेली आधाराची लांब पट्टी, तीही बदलून मोठी बसवली गेली. म्हणजे तंतोतंत नक्कल करायची ती नेमकी कशाची? मूळ कारागिराच्या निर्णयांची, की तीन शतकांच्या झिजेची? फाइल यातलं काहीच वेगळं करून देत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या तिसऱ्या व्हायोलिनची वरची पाटी मी एका नामांकित जुन्या वाद्याच्या छापील नकाशावरून घासली. जागोजागी कॅलिपर लावून, दशांश मिलिमीटरपर्यंत नकाशातलीच जाडी. वाद्य सुरुवातीला मोठं वाजलं. एका पावसाळ्यानंतर ब्रिजचा जाड तारेकडचा पाय पाटीत रुतल्यासारखा दिसू लागला, आवाज पोकळ झाला. मापं बरोबर होती, पण माझं स्प्रूस (वरची पाटी ज्या लाकडाची करतात ते) त्या वाद्याच्या स्प्रूसपेक्षा हलकं आणि मऊ होतं. त्याला ती जाडी पुरणार नव्हती. सांधा सरसाचा होता म्हणून उघडता आला. पाटी काढून टाकली आणि दुसरी कोरली.

तुम्ही इंजिनिअर आहात, तेव्हा हिशोब लगेच लक्षात येईल. पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 3 मिमीची जागा 2.7 केली तर वजन 10 टक्के घटतं आणि ताठपणा 27 टक्के. अशा परिस्थितीत एकाच झाडाच्या दोन फळ्यांनाही एक जाडी लागू पडत नाही. स्प्रूसची घनता दर घनसेंटिमीटरला 0.35 ग्रॅमपासून 0.45पर्यंत कुठेही असते, आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने ते जितकं ताठ असतं त्याच्या कितीतरी पट कमी आडव्या दिशेने. यंत्र दोन्ही फळ्यांना सारखीच कापतं. हातात गोल पटाशी असली की रेषा कुठे आत बुडतेय, कुठे वर येतेय, मऊ पट्टा कुठे लागला, हे मनगटाला कळतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त कारखानी व्हायोलिनांत मला हेच दिसतं: कोरीव काम ठीक, पण लाकडाला कुणी काही विचारलेलंच नाही.

मग तंत्रज्ञान कुठे उपयोगाचं? माझ्या मते मोजण्यात. कापण्यात त्याची मदत आहेच, पण ती दुय्यम.

इटलीतल्या क्रेमोना गावाच्या व्हायोलिन घडवण्याच्या परंपरेला युनेस्कोने 2012 साली वारशाच्या यादीत घेतलं. तिथे एक कारागीर वर्षाला तीन ते सहा वाद्यं करतो, सत्तरहून जास्त लाकडी तुकडे आतल्या साच्याभोवती हाताने जुळवतो, औद्योगिक माल वापरत नाही. मला या शिस्तीबद्दल मनापासून आदर आहे. पण त्याच गावात जोव्हान्नी लुक्की या गज बनवणाऱ्या कारागिराने लाकडातून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजणारं उपकरण तयार केलं, आणि ते आज जगभरचे गजकार वापरतात. वेगाचा वर्ग गुणिले घनता, की तुमच्या हाती लवचीकतेचा अंक येतो. लाकूड कापण्याआधीच ते कसं आहे हे सांगणारा आकडा! मला हा जुन्या आणि नव्याचा सर्वांत सुंदर मेळ वाटतो.

दुसरं उदाहरण कार्लीन हचिन्स यांचं. एकेकाळी न्यूयॉर्कमध्ये शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाईंनी सुट्या पाटीवर बारीक चमकी पसरून खाली स्पीकरमधून सूर सोडला. विशिष्ट कंपनसंख्येला चमकी सरकून स्थिर रेषांवर गोळा होते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नीने 1787मध्ये वाळूने हेच दाखवलं होतं. हचिन्सबाईंनी ते वाद्यकाराच्या टेबलावर आणलं. मी कोरडी चहापत्ती वापरतो. सूर चढवत नेला की एकामागून एक आकृत्या येतात, त्यातल्या दोन बघायच्या: दुसरी, इंग्रजी एक्स अक्षरासारखी, आणि पाचवी, बंद कड्यासारखी. पूर्ण झालेल्या वरच्या पाटीची पाचवी मी 340 ते 370 हर्ट्झमध्ये ठेवतो, दुसरी तिच्या खालच्या सप्तकाजवळ. कड्याची रेषा एका बाजूला तुटली तर कुठे जाडी जास्त राहिलीय ते डोळ्यांना दिसतं. मात्र यालाच मंत्र समजू नका. पाटी बरगड्यांना, म्हणजे वाद्याच्या बाजूच्या पातळ पट्ट्यांना, चिकटली की तिची सगळी कंपनं बदलतात.

जुळवणीनंतर मायक्रोफोन आणि लॅपटॉप घ्या, ब्रिजवर हलका ठोका द्या, आलेख बघा. पोटातल्या हवेचा सूर 270-280 हर्ट्झला, म्हणजे काळी एकच्या आसपास, आणि लाकडाची मुख्य कंपनं 400 ते 550च्या पट्ट्यात दिसायला हवीत. साउंडपोस्ट, म्हणजे आत दोन पाट्यांमध्ये उभी असलेली लाकडी काडी, अर्धा मिमी सरकवल्यावर आलेखात काय हललं ते वहीत लिहा. आपल्याकडे बसून वाजवताना तारा पाश्चात्त्य सुरांपेक्षा खाली उतरवतात, ताण कमी होतो, आणि युरोपीय पुस्तकातली साउंडपोस्टची जागा नेहमी चालत नाही. तिथे वादकाला समोर बसवून मींड ऐकावी लागते. आलेख दिशा दाखवतो, पण 'आता राहू दे' असं वादकच म्हणतो.

सीएनसीचं काम थोडक्यात सांगतो. आतला साचा, कडेचे नमुने, चिकटवताना लागणारे आधार, हे सगळं यंत्रावर करा. अचूकता मिळते आणि काही गमावत नाही. पाट्यांची बाहेरची कमान कापताना सगळीकडे 1 मिमी जादा ठेवा, आतून कोरताना पाटीची जाडी 5 मिमीच्या खाली यंत्राने नेऊ नका. पुढचं हाताने: छोटा रंधा, मग खरवडायची पोलादी पट्टी. बरगड्या 1 मिमीच्या, तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या. त्यात फाइलचा काही संबंध नाही.

आणि स्ट्रॅडिव्हारीचाच ध्यास कशाला? ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ आणि वाद्यकार जोसेफ कर्टिन यांनी 2010मध्ये इंडियानापोलिसला 21 वादकांना काळे चष्मे लावून जुनी-नवी सहा व्हायोलिनं दिली; 2012मध्ये पॅरिसजवळ दहा नावाजलेल्या एकल वादकांना बारा. दोन्ही वेळा सर्वाधिक पसंती नव्या वाद्याला मिळाली, आणि कोणतं जुनं कोणतं नवं हे वादकांना खात्रीने ओळखता आलं नाही. मला याचा फार आनंद झाला होता. आज, आपल्या हातांनी, उत्तम व्हायोलिन बनू शकतं, असा याचा अर्थ आहे.

पहिलं वाद्य मात्र पूर्ण हाताने करा, सहा महिने लागले तरी चालतील. दुसऱ्याला राउटर लावा. लाकूड करवतीने कापलेलं नको, रेषेवर फाडलेली पाचर मागा, आणि ती घरच्या हवेत निदान वर्षभर राहू द्या. पाट्या चिकटवायचं काम जून ते सप्टेंबर टाळा. दमट हवेत फुगलेली पाटी चिकटवली की उन्हाळ्यात आक्रसते आणि चीर पडते. कडा हाडाच्या सरसानेच लावा, तोही पातळ, म्हणजे पुढे कुणालाही वाद्य उघडता येईल. वरची पाटी तयार झाली की बेसबारसह तिचं वजन आणि दोन्ही कंपनसंख्या इथे लिहा, चहापत्तीच्या आकृतीचा फोटोही टाका. 65 ते 75 ग्रॅमच्या बाहेर गेलात तर चिकटवण्याआधी थांबा, आपण बघू.