ऑनलाइन घेतलेली जुनी गाडी, सात दिवसांतले चार गेले, परत करू का ठेवू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २०१८ ची बलेनो पेट्रोल, ऑनलाइन बघून ५ लाख ४० हजाराला घेतली, सात दिवसांत परत करायची सोय आहे, आज चौथा दिवस, खड्ड्यात गेली की पुढून डाव्या बाजूला खटखट वाजते आणि काल धुताना बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला दिसला. भाऊ म्हणतो जुन्या गाडीत एवढं चालायचंच, बायको म्हणते देऊन टाका परत.

आधी एक विचारतो, राग मानू नका. पेढे वाटून झाले का?

विचारतोय कारण माझं तिथेच अडलं होतं. २०२२ ला मी पुण्यात अशीच ऑनलाइन वॅगन आर घेतली (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). घरपोच आली, चावी हातात देतानाचा फोटो झाला, आईने दारातच पूजा केली, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सोसायटीत पेढे गेले आणि मी फोटो स्टेटसला टाकून मोकळा. तिसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून काचा बंद करून एसी लावला तर ओल्या गोणपाटासारखा वास. मी काय केलं असेल? परफ्यूम आणला. चारशे रुपयांचा. गाडीचा नंबर एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी, आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलेलं मी टीव्हीवर तासन्‌तास बघितलेलं, तरी या दोन गोष्टी डोक्यात एकत्र आल्या नाहीत, किंवा खरं सांगायचं तर मी येऊ दिल्या नाहीत.

माझा मेहुणा सांगलीचा, गॅरेज लाइनमधला, २०१९ च्या पुरानंतर त्याने बुडालेल्या गाड्या इतक्या उघडल्यात की वासावरून सांगतो. त्याला फोनवर सहज बोललो तर तो म्हणाला दाजी, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, आणि बघा. ओढला. रोज वापरतो तेवढा पट्टा स्वच्छ, आणि आतला शेवटचा हातभर भाग मातकट, त्याच्यावर आडवी रेघ. मग सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात फेस पावडरसारखा बारीक गाळ, कार्पेटचा कोपरा उचलला तर खालचा फोम अजून दमट. बाहेरून गाडी आरशासारखी. आता एमएच ०८ ची प्रत्येक गाडी बुडालेली असते असं अजिबात नाही, रत्नागिरी जिल्हा केवढा मोठा आहे, पण नंबर बघून बेल्ट ओढायला काय जातं.

पाण्याची गाडी वाईट का, तर ती लगेच बंद पडत नाही. वायरिंगच्या जोडांमधल्या पिना हळूहळू हिरव्या पडतात, मग सहा महिन्यांनी एक दिवस सेंट्रल लॉक, एक दिवस फ्युएल गेज, एक दिवस एअरबॅगचा दिवा, आणि प्रत्येक वेळी गॅरेजवाला म्हणतो आता झालं बघा काम. सहाव्या दिवशी परत केली मी. गाडीचे पैसे आले, पण मधल्या तीन दिवसांत हौसेने बसवलेले सीट कव्हर आणि रिव्हर्स कॅमेरा गेले ते गेलेच, कर्जाची प्रोसेसिंग फी पण नाही आली. म्हणून तुम्ही निर्णय होईपर्यंत गाडीत एक मॅटसुद्धा टाकू नका. आईला सांगायचं म्हणून पोटात गोळा होता, ती फक्त म्हणाली, लिंबू काढून टाकलंस ना रे. शेजारच्या काकांनी मात्र महिनाभर विचारलं, गाडी दिसत नाही हल्ली.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. मी दोनच ढीग करतो. एका बाजूला जे दुकानात पार्ट मिळून एका दिवसात बसतं, म्हणजे टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, एसीचा गॅस. यासाठी गाडी परत करायची नसते, पैसे कापून घ्यायचे असतात. दुसऱ्या बाजूला जे कुणी कितीही पैसे घेतले तरी पहिल्यासारखं होत नाही: पाण्यात बुडालेली, चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला मार बसलेली, किलोमीटर मागे फिरवलेली (कारण मग बाकी काय काय खोटं आहे ते देवालाच माहीत) आणि कागदात गोंधळ असलेली. यातलं एकही निघालं तर विचार करत बसू नका.

तुमची खटखट बहुतेक पहिल्या ढिगातली. हळू वेगात छोट्या खड्ड्यावर, स्पीडब्रेकरवर एका बाजूने वाजतंय म्हणजे लिंक रॉड, नाहीतर लोअर आर्मचे बुश, नाहीतर शॉकअपच्या वरचं माउंट, सगळे चाकामागचे सस्पेन्शनचे बदलता येणारे पार्ट. आपल्याकडचे रस्ते बघता सहा-सात वर्षांच्या गाडीत हे नसतं तरच नवल. माझ्या दुसऱ्या गाडीत, म्हणजे वॅगन आर परत केल्यावर घेतलेल्या स्विफ्टमध्ये, हुबेहूब हाच आवाज होता, तेव्हा मी इतका पोळलेलो होतो की तीही परत करायला निघालो होतो, मेहुण्याने थांबवलं. कंपनीकडून दोन्ही बाजूचे लिंक रॉड बदलून घेतले, आज चौथं वर्ष चालू आहे, काही नाही.

बोल्टचं मात्र नीट बघा, तुमची खरी परीक्षा तिथे आहे. रंग उडालाय म्हणजे कधीतरी पान्हा लागलाय, पण नुसत्या बॉनेटच्या बोल्टला पान्हा लागलेला असणं म्हणजे काही मोठं नाही, कुत्रं आडवं आलं, कुणी रिव्हर्समध्ये ठोकलं, बॉनेट काढून डेंटिंग-पेंटिंग केलं, होतं. पण तुमचा आवाज डावीकडे आहे आणि बोल्ट पण पुढचेच, म्हणून मला खात्री करून घ्यावीशी वाटते. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि बॉनेट उघडून डाव्या आणि उजव्या बाजूचा एप्रन (इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) एकमेकांशी ताडून बघा. कंपनीचं स्पॉट वेल्डिंग म्हणजे सारख्या अंतरावर गोल गोल खड्डे असतात, गॅरेजमध्ये केलेलं वेल्डिंग ओबडधोबड असतं, त्याच्यावर सीलंट बोटाने फासल्यासारखं दिसतं. खालून चेसिसचे जे दोन दांडे पुढे येतात त्यातल्या एकाला घडी, हातोड्याची खूण किंवा नुसताच ताजा काळा रंग दिसला तर संपलं. मग स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, पुढचे टायर आतून जास्त झिजलेत का, ते पण बघा. सगळ्या काचांवर कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि साल असतं, एकच काच नवीन सालची असेल तर का बदलली ते विचारा (दगड लागून पुढची काच बदलणं नॉर्मल आहे, बाजूची काच बदललेली असली तर कान टवकारा). टायरवर चार आकडे असतात, २३१८ लिहिलं असेल तर २०१८ सालातला तेविसावा आठवडा. मीटरवर २८ हजार किलोमीटर आणि टायरचा दुसरा सेट झालाय असं दिसलं तर हिशोब लागत नाही ना.

तो हिशोब पक्का करायला गाडीचा नंबर घेऊन मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपला जा, सर्व्हिस हिस्टरी विचारा. कुठल्या तारखेला किती किलोमीटर होते आणि बॉडीशॉपचं काम कधी झालं हे त्यात दिसतं. सगळी वर्कशॉप सहज देत नाहीत, सर्व्हिसला घालायची आहे म्हणून विचारलं की देतात. दोनशे मुद्द्यांच्या तपासणी रिपोर्टपेक्षा, म्हणजे तो जो तुम्हाला ॲपवर हिरव्या टिकांसकट दिसला त्यापेक्षा, हे एक पान जास्त बोलतं.

कागदांचं थोडक्यात. वाहन पोर्टलवर किंवा एम परिवहन ॲपवर गाडी अजून कुणाच्या नावावर आहे, जुन्या मालकाच्या बँकेचा बोजा चढलेला आहे का, चलनं बाकी आहेत का, सगळं दिसतं. आत्ता आरसी तुमच्या नावावर झालेली नसेल तर उत्तम, होऊ देऊ नका, फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) सही केली असेल तर निर्णय होईपर्यंत पुढे पाठवू नका म्हणून मेल टाका. कारण एकदा नाव चढलं आणि मग गाडी परत गेली तर ती पुढे कुणी चालवली आणि ठोकली तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार मध्ये हेच सांगितलंय. परत करताना सुद्धा गाडी ताब्यात घेतल्याचं तारीख, वेळ आणि किलोमीटर रीडिंगसकट लेखी घ्या, पोरगं आलं आणि चावी घेऊन गेलं असं करू नका. आणि ठेवणार असाल तर इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा असतो, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

समजा मोठं काही निघालं आणि कंपनी टाळाटाळ करायला लागली, तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, बऱ्याचदा तिथेच हलतात. नाही हलले तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी गुरुग्रामची असो नाहीतर बंगळुरूची, आणि ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये आहे. तुमच्या भावाने मागे ऑनलाइन जाहिरात बघून एका माणसाकडून थेट घेतली म्हणालात, तसं असतं तर हा रस्ता नसता, तुम्ही कंपनीकडून घेतलीय म्हणून आहे.

परत करतो म्हणालात की त्यांच्याकडून एक फारच गोड आवाजातला फोन येईल, सर एक फ्री सर्व्हिस देतो, वॉरंटी सहा महिने वाढवतो, आवाज आमचा माणूस येऊन बघेल, परवा पाठवतो. तो परवा म्हणजे तुमचा सहावा दिवस, आणि तो माणूस येतो सातव्याला संध्याकाळी. म्हणून असं करा, उद्या सकाळीच तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर घ्या, चेसिस खराब निघाली तर तिथे उभ्या उभ्या ॲपवर परतीची विनंती टाका आणि स्क्रीनशॉट ठेवा, आणि आज रात्री तो करार उघडून एवढं बघा की सात दिवस विनंती टाकल्याच्या वेळेपर्यंत मोजतात का गाडी त्यांच्या यार्डात पोचेपर्यंत, आणि किती किलोमीटरच्या वर गेली तर घेत नाहीत. माझ्या करारात तीनशेची मर्यादा होती, मी दोनशे ऐंशीवर होतो. तुम्ही शनिवारी कुलदैवताला जायचं म्हणताय ना, ते बसने जा.