टी-शर्टवर जॅकेटसारखा घालायला शर्ट कसा निवडावा?

तुम्ही विचारलंय की एक साइज मोठा शर्ट घेऊनही तो टी-शर्टवर घातला की बगलेत काचतो आणि खालून लोंबतो, मग घ्यायचा तरी कसला. माझ्या मते साइज वाढवली तिथेच गडबड झाली.

साइज वाढली की छातीबरोबर खांदा, बाही आणि कॉलरही वाढते. मुंढा (बाही जिथे जोडतात तो बगलेभोवतीचा घेर) मात्र जेमतेम वाढतो. म्हणजे खांद्याची शिवण दंडावर उतरते, कफ बोटांपर्यंत येतो आणि जिथे खरी जागा हवी होती तिथे आतल्या बाहीची वळकटी होऊन बसते. वरून घालायचे शर्ट (दुकानात ओव्हरशर्ट किंवा शॅकेट म्हणून मिळतात) मुळातच रुंद मुंढ्याचे आणि ऐसपैस बाहीचे बेतलेले असतात. त्यामुळे ते आपल्या नेहमीच्याच साइजमध्ये घ्यायचे. छातीच्या मापापेक्षा शर्टाचा घेर सहा ते आठ इंच जास्त असला की आत पातळ स्वेटरही मावतो.

लोंबण्याचं कारण वेगळं. फॉर्मल शर्ट खोचण्यासाठी शिवतात, म्हणून त्याचा खालचा काठ गोलाईत असतो: पुढेमागे लांब, बाजूंना वर चढलेला. तो बाहेर सोडला की मागची शेपटी दिसणारच. काठ सरळ हवा, बाजूला छोटी चीर असेल तर उत्तम, आणि लांबी कमरेच्या हाडाखाली चार बोटं. त्याहून लांब असला की शर्ट उघडा ठेवल्यावर डॉक्टरांच्या कोटासारखा दिसतो.

आता कापड, आणि मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवतो. नेहमीचं शर्टिंग साधारण १०० ते १३० जीएसएमचं (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) असतं. ते आतल्या प्रत्येक सुरकुतीला चिकटतं. २०० च्या पुढचं कापड स्वतःच्या वजनाने सरळ पडतं, ३०० च्या आसपास ते जवळपास जॅकेटच होतं. डेनिमचं वजन बऱ्याचदा औंसात लिहितात; चौरस यार्डाला एक औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम, म्हणजे आठ औंसाचं डेनिम साधारण २७० चं. आतली बाजूही हात फिरवून बघा. लव उठवलेलं फ्लॅनेल होजिअरीला धरून ठेवतं, हात घालताना आतली बाही कोपरापर्यंत गोळा होते. बाहीला गुळगुळीत अस्तर असेल तर हा त्रास नाही; नसेल तर आतल्या बाहीचं टोक मुठीत धरून हात घालायचा.

हा प्रकार काही कालची फॅशन नाही. पेंडल्टन या अमेरिकी कंपनीने १९२४ मध्ये पुरुषांसाठी लोकरीचे शर्ट आणले. अमेरिकी नौदलातल्या चीफ पेटी ऑफिसरांचा जाड लोकरी शर्टही याच जातीचा, आजही तो ढंग सीपीओ नावानेच विकला जातो. ऊब हवी असेल तर मीही लोकरच निवडेन. दोन थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते, पण सुती कापड घामाने भिजलं की गार पडतं, लोकर तितकी पडत नाही. मात्र वाऱ्यात बटणं लावावीच लागतात, उघड्या शर्टात ती हवा टिकत नाही.

ट्रायल रूममध्ये आत जे घालणार तेच घालून जा. दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारा. पाठीत ताण आला तर ठेवून द्या, कितीही आवडला असला तरी. कफाचं बटण आतल्या बाहीवरून लागतंय ना, तेही बघा.

हातातला शर्ट वाया घालवायचा नसेल तर शिंप्याकडून खालचा काठ सरळ करून घ्या, सोपं काम आहे. मुंढा मोठा करायला सांगू नका. तो खाली कापला की हात वर करताना सगळा शर्ट वर ओढला जातो, आणि जुनी बाही त्यात नीट बसतही नाही.