वाचकांचे प्रश्न : साहाय्यपान जिथे लांबते

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच मीडियाविकीवर आपल्या संस्थेचा विकी (अनेकांनी मिळून संपादन करायचे संकेतस्थळ) चालवणाऱ्या आणि त्या सॉफ्टवेअरच्या कामात हातभार लावू इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयाने तीन वर्षांपूर्वी स्थानिक इतिहासाचा विकी सुरू केला. शिलालेख, वाडे, बारवा, यात्रा यांच्या नोंदी स्वयंसेवक त्यात घालतात. सुधारणा सुचवण्यासाठी आम्ही एक वही ठेवली असून तिच्यात साठाहून अधिक सूचना जमल्या आहेत. तांत्रिक काम जाणणारा एकच तरुण आहे आणि तोही सुट्टीच्या दिवशीच येऊ शकतो. कोणत्या सूचनेला आधी हात घालावा? शिवाय आम्ही कष्टाने लिहिलेली साहाय्यपाने कोणी वाचत नाही, याला काय करावे?
— ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. ते मला कसे उमगले, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांच्या शेजारी बसून मी त्यांचे विकीवरचे काम पाहत होतो. गावच्या बारवेचे छायाचित्र त्यांना लेखात घालायचे होते. साहाय्यपानावर लिहिले होते की, दोन चौकटी कंसांत चित्राचे नाव द्यावे, मग उभी रेघ ओढावी आणि पुढे ‘इवलेसे’ हा शब्द लिहावा. (लघुचित्रासाठी मीडियाविकीच्या मराठी रूपात घातलेला हा शब्द मला फार आवडतो.) गुरुजी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरत होते. त्या कळफलकावर चौकटी कंसांच्या कळांवर ‘ड’ आणि नुक्ता असतात, तर उभ्या रेघेच्या कळेवर अर्धचंद्राचा काना आणि ‘ऑ’ असतो. म्हणजे साहाय्यपानाने सांगितलेली तिन्ही चिन्हे त्यांच्या बोटांखाली नव्हतीच. कंस त्यांनी दुसऱ्या पानावरून उचलून चिकटवले आणि उभ्या रेघेच्या जागी दिसायला तशीच म्हणून पूर्णविरामाचा दंड दिला. पानावर चित्राऐवजी लाल अक्षरांत एक लांबलचक नाव उमटले. आपले छायाचित्रच बिघडलेले आहे, असे समजून त्यांनी ते तीनदा चढवले होते.

आपल्या वहीत ही अडचण ‘चित्रे दिसत नाहीत’ अशी तीन शब्दांत नोंदली गेली असती, आणि आपल्या तरुण सहकाऱ्याचा एक रविवार सर्व्हरच्या नोंदी तपासण्यात गेला असता. खरा उपाय मात्र दोन ठिकाणी होता. चिन्हे लिहिताना कळफलक इंग्रजीवर न्यावा, हे एक वाक्य साहाय्यपानावर हवे होते, आणि चिन्हे लिहिण्याची वेळच येऊ नये म्हणून दृश्य संपादक सुरू करायला हवा होता. त्या दिवसापासून मी एक खूण धरून चाललो आहे. साहाय्यपानावर जी कृती समजावताना परिच्छेदामागून परिच्छेद लागतात, तिथे सॉफ्टवेअरमध्येच सुधारणा हवी असते. आणि जी तक्रार एका वाक्यात निवारता येते, तिच्यासाठी सॉफ्टवेअरला हात लावण्याची गरज नसते. म्हणून साहाय्यपाने पुन्हा लिहायला बसणे हाच सुधारणांची यादी करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता वहीकडे वळू. प्रत्येक सूचना वेगळ्या क्रमांकाने नोंदवावी आणि एका नोंदीत एकच बाब ठेवावी. काय केले, काय होईल अशी अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय झाले, हे तीन मुद्दे सूचना करणाऱ्याकडून लिहून घ्यावेत. मीडियाविकीचे विकासक २०१४ पासून फॅब्रिकेटर नावाच्या प्रणालीत आपली कामे नोंदवतात. तिथेही चांगल्या नोंदीची अपेक्षा हीच असते, आणि नवी नोंद कोणीतरी वाचून तिचा अग्रक्रम ठरवेपर्यंत ती ‘छाननी बाकी’ अशा खुणेखाली राहते. आपण महिन्यातून एकदा चौघांनी बसून अशी छाननी केलीत, तर साठांपैकी बऱ्याच सूचना एकमेकींच्या आवृत्त्या आहेत आणि आणखी काही केवळ साहाय्यपानातील उणिवा आहेत, असे दिसून येईल. उरलेल्यांपैकी जी अडचण नव्या स्वयंसेवकाचे काम पूर्णच थांबवते, ती आधी घ्यावी. जुन्याजाणत्यांची गैरसोय करणाऱ्या अडचणी थोड्या थांबू शकतात, कारण त्यांनी आडवाटा शोधून ठेवलेल्या असतात.

मोठा बदल करण्याआधी एक जुना प्रसंग ध्यानात ठेवावा. वर उल्लेख केलेला दृश्य संपादक जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर सर्वांसाठी आपोआप सुरू होईल असा बसवण्यात आला. त्यातील दोष पाहून संपादकांचा विरोध इतका वाढला की, सप्टेंबरमध्ये तो पुन्हा ऐच्छिक करावा लागला. कल्पना चांगलीच होती आणि आज ते साधन असंख्य लोक रोज वापरतात. पण ज्यांच्या हाताखाली ते द्यायचे होते, त्यांच्या कामाच्या रीतीत ते अजून बसलेले नव्हते. आपणही नवे साधन आधी दोघातिघांच्या खात्यांवर ऐच्छिक म्हणून द्यावे, त्यांना महिनाभर वापरू द्यावे आणि त्यांच्या अडखळण्यातूनच त्याचे साहाय्यपान लिहावे.

साहाय्यपाने न वाचली जाण्याचे कारण बहुधा त्यांची मांडणी हे असते. ती सॉफ्टवेअरच्या बटणांच्या क्रमाने लिहिलेली असतात, पण वाचणारा येतो तो ‘बारवेची नोंद करायची आहे’ असे काम मनात घेऊन. म्हणून पानाचे शीर्षक कामाच्या नावाने द्यावे आणि माणूस जिथे अडतो तिथेच सूचना ठेवावी. चित्र चढवण्याच्या अर्जावर दिसणारा मजकूर हेसुद्धा विकीतील एक पानच असते. ‘मीडियाविकी’ नामविश्वातील (नामविश्व म्हणजे पानांचा एक गट) ते पान प्रचालकाला, म्हणजे विकीची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्याला, बदलता येते. कळफलकाविषयीचे ते एक वाक्य तिथे लिहिले, तर ते शोधायला कोणाला कुठे जावे लागणार नाही. सर्वसाधारण पाने मुळापासून लिहिण्याचेही कारण नाही. मीडियाविकीच्या अधिकृत संकेतस्थळावरील ‘हेल्प’ नामविश्वातील पाने मुद्दाम सार्वजनिक मालकीत ठेवलेली आहेत. ती उचलावीत, मराठीत आणावीत आणि आपल्या तालुक्यातील उदाहरणे घालून आपलीशी करावीत.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मीडियाविकीच्या विकासात भाग घ्यावा असे वाटते, पण इतक्या जुन्या आणि अवाढव्य सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. दस्तऐवजीकरणापासून सुरुवात केली तर ते दुय्यम काम मानले जाईल, असे मित्र म्हणतात.
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या मित्रांचे मत मला मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण या सॉफ्टवेअरच्या इतिहासातच आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बससेवेवरून त्यांनी ते नाव घेतले, आणि हवाईयन भाषेत त्याचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा तो पर्ल भाषेतील यूजमॉडविकीवर चालत होता. माग्नुस मान्स्के यांनी पीएचपी भाषेत लिहिलेली प्रणाली जानेवारी २००२ मध्ये त्याच्या जागी आली, आणि त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने लिहिली. आजचे मीडियाविकी त्या पुनर्लेखनातून वाढलेले आहे. तेव्हापासून इतक्या हातांनी त्यात भर घातली आहे की, एखादी रचना अशीच का आहे हे सांगणारी नोंद नसेल, तर पुढचा विकासक ती मोडून टाकतो किंवा भीतीपोटी तिला हातच लावत नाही. मला यांतील दुसरे अधिक नुकसानीचे वाटते.

सुरुवात अशी करा. स्वतःच्या संगणकावर मीडियाविकी विकासासाठी बसवा आणि ते करताना अधिकृत सूचना अक्षरशः पाळा. जिथे सूचनेत एक सांगितले आहे आणि पडद्यावर दुसरे दिसते, तिथे थांबून नोंद करा. जाणत्या विकासकाचे डोळे या जागा वगळून पुढे जातात, कारण ती पायरी त्याच्या हातात बसलेली असते. नवखेपण हे या कामातील भांडवल आहे आणि ते फार दिवस टिकत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच ते वापरून घ्या. सूचनांची पाने हा विकीच असल्याने लहान दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकता. दोष सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर फॅब्रिकेटरवर नोंद करा, आणि तिथेच ‘पहिल्यांदा काम करणाऱ्यासाठी योग्य’ अशी खूण असलेली कामे शोधा.

बदल लिहून झाला की तो गेरिट नावाच्या प्रणालीत तपासणीसाठी जातो आणि दुसऱ्या विकासकाने मान्य केल्यावरच मूळ संचात मिसळला जातो. एक सवय आतापासून लावून घ्या. विस्तार, म्हणजे मीडियाविकीला जोडायचे पूरक भाग, लिहिणाऱ्यांना जाणवेल असा बदल केलात, तर त्याची ओळ त्याच बदलात आवृत्तीच्या नोंदपत्रातही लिहा. आधी सगळे काम उरकून मागाहून दस्तऐवज लिहू म्हणणाऱ्यांचे ‘पुढचे पाठ मागचे सपाट’ होते, कारण कारणे विसरायला पंधरवडाही लागत नाही. एखादे जुने फंक्शन काढायचे असेल, तर ते आधी ‘कालबाह्य’ म्हणून जाहीर करावे लागते आणि नंतरच्या एखाद्या आवृत्तीत काढता येते. जगभरचे विस्तार त्या जाहीर नोंदीवर विसंबून असतात, तेव्हा ती लिहिणारा दुय्यम काम करतो असे कोण म्हणेल?

प्रश्न : मी मीडियाविकीच्या संदेशांचे मराठी भाषांतर करतो. सुटे इंग्रजी शब्द समोर येतात आणि ते नाम आहे की क्रियापद, हेच कळत नाही. केलेली भाषांतरे काही दिवसांनी ‘जुनी झाली’ अशी खूण घेऊन परत येतात, तेव्हा उत्साह मावळतो.
— भाषांतरकार, नाशिक

उत्तर : आपली पहिली अडचण मीडियाविकीच्या रचनाकारांनी ओळखलेली आहे आणि तिच्यावरील तोड मला अतिशय आवडते. प्रत्येक भाषेची संदेशांची, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराची, वेगळी धारिका (फाइल) असते. मराठीची ‘एमआर’ या नावाने, तशीच ‘क्यूक्यूक्यू’ या नावाचीही एक असते. हा संकेत कोणत्याही खऱ्या भाषेचा नाही, त्यामुळे त्याच्या आड कोणती भाषा येत नाही. या धारिकेत प्रत्येक संदेशाचा खुलासा लिहिलेला असतो : हा शब्द बटणावर दिसतो की शीर्षकात, आज्ञा आहे की नाव, डॉलरच्या खुणेपुढील क्रमांकाच्या जागी सदस्याचे नाव येणार की पानांची संख्या. ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावर काम करताना हाच खुलासा संदेशाजवळ दिसतो. ‘एडिट’ हा शब्द बटणावर असेल तर ‘संपादन करा’, आणि इतिहासातील एका नोंदीचे नाव असेल तर ‘संपादन’, हा निवाडा त्याच्याच आधारे होतो. खुलासा नसेल किंवा अपुरा असेल, तर अंदाजाने भाषांतर करून पुढे जाऊ नका. तिथल्या साहाय्याच्या पानावर प्रश्न विचारा. आपल्या एका प्रश्नामुळे खुलासा सुधारला, तर तमिळ, फिनिश आणि स्वाहिली भाषांतरकारांचीही तीच अडचण दूर होते.

अनेकवचन आणि लिंग यांसाठी संदेशात विशेष खुणा देण्याची सोय आहे, तिचा मराठीने पुरेपूर लाभ घ्यावा. ‘१ पाने’ किंवा सदस्येविषयी ‘त्याने बदल केला’ असे पडद्यावर दिसणे मला तरी सहन होत नाही.

‘जुनी झाली’ ही खूण आपल्या कामावरचा शेरा नाही. मूळ मजकूर बदलला म्हणजे भाषांतर पुन्हा पाहावे, एवढाच तिचा अर्थ आहे. पान जतन करण्याच्या बटणावरील शब्द आठवा. विकिपीडियावर पूर्वी तिथे ‘सेव्ह’ होते; पण जतन केलेले लगेच सर्वांना दिसते हे नव्या लोकांच्या लक्षात येत नसे, म्हणून काही वर्षांपूर्वी तिथे ‘पब्लिश’ हा शब्द आणला गेला. मराठीत ‘जतन करा’ तसेच राहिले असते, तर बटणाने वाचकाला पूर्वीसारखेच अंधारात ठेवले असते. मात्र मूळ लेखकांनीही विनाकारण शब्दांची खालीवर करू नये, कारण त्यांच्या एका स्वल्पविरामाने शेकडो भाषांतील काम पुन्हा तपासायला येते. ही गोष्ट आपण त्यांना स्पष्ट शब्दांत कळवावी.

संज्ञांची यादी आधी करावी की काम करता करता, असे आपण ताजा कलमात विचारले आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्याआधीच त्याचा परिभाषासंग्रह प्रसिद्ध झालेला होता. तोच क्रम येथेही धरावा. ‘स्थानांतरण’, ‘पुनर्निर्देशन’, ‘साचा’, ‘धूळपाटी’, ‘चावडी’ हे शब्द मराठी विकिपीडियावर रुळलेले आहेत, तेव्हा नव्या संदेशांत त्यांच्यासाठी दुसरे पर्याय आणू नयेत.

प्रश्न : आमच्या संस्थेचा विकी १.३५ या आवृत्तीवर आहे. सर्व काही सुरळीत चालले असताना आवृत्ती बदलावी का?
— सचिव, ठाणे

उत्तर : अवश्य बदलावी, कारण त्या आवृत्तीची मुदत संपली आहे आणि तिच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या निघत नाहीत. दीर्घ मुदतीची आवृत्ती साधारणपणे दोन वर्षांनी येते आणि तिला तीन वर्षे आधार मिळतो, १.३५ नंतर १.३९ आणि १.४३ या अशा आवृत्त्या आल्या. नव्या आवृत्तीवर तिच्या मागच्या दोन दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांपर्यंतच्या विकीवरूनच थेट उडी घेता येते, म्हणून आपल्याला १.३५ वरून १.४३ वर एका टप्प्यात जाता येईल, त्यापुढे मात्र नाही. आधी विदागार (डेटाबेस), चित्रांची धारिकापेटी आणि मांडणीची ‘लोकलसेटिंग्ज’ धारिका अशा तिन्हींची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. त्या प्रतींवरून दुसऱ्या संगणकावर विकी उभा करून तिथेच आवृत्ती बदलून पाहावी. आपण बसवलेला प्रत्येक विस्तार नव्या आवृत्तीशी जुळतो का, ते एकेक करून तपासावे. हे सर्व करताना दिलेली प्रत्येक आज्ञा तारखेसह विकीच्याच एका पानावर लिहून ठेवावी, म्हणजे पुढील बदलाच्या वेळी आपण पदावर नसलात तरी आपल्या जागी आलेल्या व्यक्तीला ते पान उघडून काम सुरू करता येईल.