फॉर्म्युला वन कार शर्यतींत एकदाही जगज्जेता न झालेल्या ब्रिटनच्या स्टर्लिंग मॉसला एवढा मोठा ड्रायव्हर का मानतात?

माझ्या मते याचं उत्तर १९५५ च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या कार शर्यतीत आहे. ब्रेशिया ते रोम आणि परत, साधारण १,६०० किमी, तेही साध्या रस्त्यांवरून! शेजारी बसलेल्या पत्रकार डेनिस जेन्किन्सनने प्रत्येक वळणाची नोंद कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर केली होती. इंजिनच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी. १० तास ७ मिनिटांत मॉसने शर्यत मारली.

आणि १९५८? पोर्तुगालमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत जगज्जेतेपदासाठीचा प्रतिस्पर्धी माईक हॉथॉर्न बाद होणार होता. मॉसनेच त्याच्या बाजूने साक्ष दिली, त्याचे गुण वाचवले. वर्षअखेर मॉसचं विजेतेपद एका गुणाने हुकलं, हॉथॉर्नकडेच गेलं. मला तो इथेच सगळ्यात मोठा वाटतो.