1971 च्या फियाटला टायर आणि रिम कोणत्या घ्याव्यात?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. वडिलांची 1971 ची फियाट 1100 डी आहे, आठ-दहा वर्षं पार्किंगमध्ये उभी होती, आता इंजिन सुरू झालंय. टायर भेगाळलेत. जुना 5.20-14 हा साइज दुकानात कुणी ओळखत नाही. टायरवाला म्हणतो, 15 इंची अलॉय आणि 195/50 चे टायर टाका, गाडी रस्ता धरून बसेल. टाकावेत का?

टाकू नका. माझ्याकडे 1968 ची हीच गाडी आहे आणि हा प्रयोग मी स्वतःच्या पैशांनी केलेला आहे. माझे 15 इंची नव्हते, 14 इंचीच होते, पण 185/60. पुण्यातल्या एका दुकानात "बसतात साहेब" म्हणून बसवून दिले. सरळ रस्त्यावर खरंच बरं वाटलं. घरी आल्यावर गल्लीत गाडी वळवताना स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागलं, आणि पूर्ण उजवीकडे वळवल्यावर चाकातून करकर आवाज आला. टॉर्च घेऊन मडगार्डच्या आत वाकून पाहिलं, तर पत्र्यावरचा जुना डांबरी रंग घासून बोटभर रुंद चकचकीत पट्टा पडला होता. आणखी महिनाभर गेला असता तर पत्रा टायरमध्ये घुसला असता.

असं का होतं हे समजून घ्या, म्हणजे दुकानात कुणी काही सांगितलं तरी तुम्हाला स्वतः ठरवता येईल. 5.20-14 मधला 5.20 म्हणजे टायरची रुंदी, इंचात. मिलिमीटरमध्ये 132. त्या काळच्या क्रॉस-प्लाय (तिरक्या दोऱ्यांच्या थरांच्या) टायरची बाजूची भिंत जवळजवळ रुंदीइतकीच उंच असायची, म्हणून साइजमध्ये उंचीचा वेगळा आकडा लिहीतच नसत. 14 इंच रिम म्हणजे 355.6 मिमी, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की अख्खं चाक साधारण 61 सेंटिमीटर उंच भरतं. ही उंची सांभाळायची. गिअर, स्पीडोमीटर, मडगार्डमधली मोकळी जागा, सगळं याच उंचीवर बेतलेलं आहे.

आता 195/50 आर 15 चा हिशेब करा. 195 ही मिलिमीटरमधली रुंदी, 50 म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आर म्हणजे आजचा रेडियल टायर आणि 15 म्हणजे रिमचे इंच. भिंत 195 च्या निम्मी, म्हणजे 97.5. दोन भिंती मिळून 195, अधिक 15 इंचाचे 381, एकूण 576. म्हणजे रिम मोठी झाली आणि चाक मात्र साडेतीन सेंटिमीटरनं लहान झालं. गाडी जवळपास दोन सेंटिमीटर खाली बसेल, आणि आपल्या सोसायट्यांमधले गतिरोधक ज्या उंचीचे असतात ते तुम्हाला माहीतच आहे. प्रत्यक्ष वेग साठ असताना काटा चौसष्टच्या आसपास दाखवेल. त्याच वेगाला इंजिन सहा टक्के जास्त फिरेल. 1089 सीसीचं ते इंजिन, त्याला हायवेवर आधीच धाप लागते.

मग घ्यायचं काय? 165/80 आर 14. 165 चे 80 टक्के काढा: 132. जुन्या टायरची रुंदी होती तोच आकडा इथे भिंतीच्या उंचीत येतो. चाक होतं 62 सेंटिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा फार तर एक-दीड टक्का मोठं. स्पीडोमीटरला ते जाणवतही नाही. दुसरं म्हणजे हा साइज मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलना येतो, त्यामुळे तालुक्याच्या गावीही नवा माल मिळतो. टायरवर बहुतेक वेळा 85T लिहिलेलं दिसेल. 85 म्हणजे एका टायरची भार पेलायची ताकद 515 किलो. तुमची रिकामी गाडी सुमारे 900 किलोची आहे, तेव्हा ती काळजी सोडा. 155 रुंदीचा, तेवढ्याच उंचीचा टायर मिळाला तर आणखी चांगलं, स्टीअरिंग अजून हलकं राहील, पण तो शोधत फिरावं लागतं. 175/70 आर 14 ही चालून जातो. त्याच्या पुढे रुंदीत जाऊ नका. या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, आणि तुमच्या वडिलांना ती पुन्हा चालवायची असेल तर हा मुद्दा सगळ्यात आधी येतो.

बसवण्यापूर्वी एकच चाक लावून बघा. पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळवा. मागच्या सीटवर तीन माणसं बसवा आणि मडगार्डच्या कडेत बोट सरकतं का पाहा. जुन्या गाड्यांचे पत्रे अपघातात ठोकून सरळ केलेले असतात, त्यामुळे माझ्या गाडीला जे बसलं ते तुमच्या गाडीला तसंच बसेल असं मी म्हणणार नाही.

क्रॉस-प्लायच घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. गाडी फक्त प्रदर्शनात न्यायची असेल आणि 5.20-14 ताजा मिळाला तर जरूर घ्या, तो दिसतोही सुंदर. चालवायची असेल तर रेडियल. क्रॉस-प्लायमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात, त्यामुळे टायर अख्खा एकसंध दबतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक रेघेमागे गाडी भटकते. रेडियलमध्ये बाजूचे दोर आडवे आणि नक्षीखाली पोलादी पट्टे, म्हणून भिंत दबते तरी तळवा जमिनीला चिकटून राहतो. पावसात हा फरक प्राण वाचवणारा आहे, कारण आपल्या गाडीला चारही ड्रम ब्रेक आहेत. मात्र एका धुरीवर एक रेडियल आणि एक क्रॉस-प्लाय असं कधीही करू नका. नाइलाजानं दोनच रेडियल घ्यावे लागले तर ते मागे लावा. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय असेल तर वळणावर गाडीची शेपूट बाहेर येते.

ट्यूब काढू नका. नवे टायर ट्यूबलेस असले तरी तुमच्या रिम त्या काळातल्या. टायरची कड जागेवर धरून ठेवणारी उंचवट्याची कडी आजच्या रिमला असते, ती जुन्या रिमला नसते. हवा कमी झाली की वळणावर कड निसटते. म्हणून रेडियलची 14 इंची नवी ट्यूब घाला, जुनी नको. आणि एक बारीक गोष्ट: नव्या टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेलं असतं, ते खरवडून काढायला लावा. मुलं घाईत तसंच ठेवतात आणि ते ट्यूबला घासत राहतं.

आता रिम. माझं स्पष्ट मत आहे की मूळच्या स्टीलच्या रिमच ठेवाव्यात. अलॉयवर तो क्रोमचा कप (चाकाच्या मधलं चकचकीत झाकण) बसत नाही, आणि कपाशिवाय ही गाडी मला कपाळावर कुंकू नसल्यासारखी वाटते. पण निव्वळ भावनेचा प्रश्न नाही. अलॉयवाले सांगतात, "चार होलचं आहे, बसतं." दोन समोरासमोरच्या होलच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं असतं. स्विफ्टचं 100 मिमी आहे, पुंटो-पालिओसारख्या नंतरच्या फियाटचं 98. हा दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. एक बोल्ट नीट बसतो, बाकीचे तिरके ओढले जातात, आवळल्यासारखे वाटतात आणि पन्नास किलोमीटरवर सैल होतात. म्हणून आपल्या हबवरचं (चाक ज्यावर बोल्टनं बसतं त्या भागावरचं) अंतर स्वतः मोजल्याशिवाय कुठलीच रिम विकत घेऊ नका, होल मोठी करून देतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका. तसंच रिम हबवर जिथे टेकते तो भाग मूळच्यापेक्षा आत सरकलेला असेल तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टीअरिंग आणखी जड होतं.

जुन्या रिम तपासायची रीत सोपी आहे. गाडी जॅकवर घ्या, चाक हातानं फिरवा आणि रिमच्या कडेजवळ पेन्सिल स्थिर धरा. पेन्सिल आणि कडेमधली फट कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. थोडी वाकलेली असेल तर कारागीर सरळ करतो. पण बोल्टच्या होलभोवती केसासारखी चीर दिसली तर ती रिम भंगारात द्या, वेल्डिंग करून वापरू नका. माझ्या पाचपैकी एक अशीच निघाली, रंग खरवडल्यावर. बदली रिम मला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाली. त्या वेळी मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी (आपल्या फियाटचंच नंतरचं रूप) धावत होत्या, म्हणून माल भरपूर असायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता जे जुन्या मालाच्या दुकानांत पडलंय तेवढंच. चांगली रिम दिसली तर एक जास्तीची घेऊन ठेवा.

पावडर कोटिंग करणार असाल तर हबला टेकणारा भाग आणि बोल्टच्या खळग्या झाकून घ्यायला सांगा. तिथे जाड रंग बसला की चालवताना तो दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. चाकं लावल्यावर पन्नास आणि शंभर किलोमीटरला बोल्ट पुन्हा आवळा, न विसरता.

आणि तारीख! नक्षीपेक्षा तारीख महत्त्वाची, हे मी फार उशिरा शिकलो. एकदा मी "नवेच आहेत, स्टॉकमधले" म्हणून चार टायर घेतले होते. रबराचे केससुद्धा तसेच होते. जुन्या हायवेनं लोणावळ्याला निघालो आणि कामशेतच्या अलीकडे स्टीअरिंगमध्ये धप्-धप् सुरू झालं. वेग पन्नासच्या आतच होता. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरच्या नक्षीवर कोंबडीच्या अंड्याएवढा फुगा. शेजारी बायको, मागे मुलगी झोपलेली. माझे हात थरथरत होते, जॅक लावायला दहा मिनिटं लागली. घरी येऊन टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले, तेव्हा कळलं की तो टायर नऊ वर्षांचा होता.

ते चार आकडे असे वाचायचे: डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालाच्या आधीचा आहे, हात लावू नका. पैसे देण्याआधी पाचही टायरचे आकडे वाचा. काही वेळा ही ओळ आतल्या बाजूला असते, तेव्हा टायर उलटा करून बघा. वर्षाच्या आतला माल मागा. तुमची गाडी महिन्यातून दोनदा निघणार, त्यामुळे नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होईल. सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासा, दहा झाली की बदला, कितीही सुंदर दिसत असले तरी.

हवेसाठी जुन्या पुस्तकातले आकडे क्रॉस-प्लायचे असतात, रेडियलला दोन-चार पौंड जास्त लागतात. मी चारही चाकांना 26 पासून सुरुवात केली आणि खडूनं पडताळलं. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर शंभर पावलं सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडेची पुसली तर कमी. सोबत अलाइनमेंट करून घ्या, पण त्याआधी टाय रॉड एंड (स्टीअरिंगचे सांधे) आणि सस्पेन्शनचे रबरी बुश बघा. ते ढिले असताना केलेली अलाइनमेंट दोन खड्ड्यांत जाते.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची त्यात बसते. मूळ 14 इंची स्टील रिम हाताशी असताना अलॉय लावून त्या नोंदणीत शंकेला जागा कशाला द्यायची?

पाचवा टायर त्याच साइजचा, त्याच दिवशी घ्या. स्टेपनीत जुना 5.20 तसाच पडलेला असतो, आणि रात्री घाटात तोच बाहेर काढावा लागतो.

तुमच्या जुन्या रिमवर, बोल्टच्या होलजवळ किंवा आतल्या बाजूला काही आकडे ठोकलेले आहेत का पाहा. रंगाखाली दडलेले असतात, पॉलिश पेपरनं हलकं घासा. त्यात रिमची रुंदी मिळाली तर इथे लिहा, आणि दुकानदारालाही तोच आकडा दाखवून विचारा की 165 चा टायर त्या रुंदीवर कंपनीनं मान्य केलाय का. माझ्या अंदाजावर पैसे देऊ नका.